पाणी कोणत्या बाजूला आहे

अवकाळी पावसाने द्राक्षबागांचं नुकसान, ही बातमी नाशिकच्या पेपरात अधूनमधून येतच असते. शहरात राहणाऱ्याला वाटतं, वाऱ्याने मांडव झोपले असतील किंवा गारांनी घड झोडपले असतील. तसंही होतं. पण पुष्कळदा मांडव जागच्या जागी उभा असतो, पानं हिरवीगार असतात, आणि तरी बागाईतदार बांधावर कपाळाला हात लावून बसलेला असतो, कारण मणी तडकलेले असतात.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. काढणीला आलेल्या बागेत असा पाऊस झाल्यावर दादाने एक घड कापून माझ्या हातात दिला होता. लांबून घड झकास. जवळ धरला तेव्हा दिसलं, एका मण्याला देठाशी अर्धगोल बारीक चीर गेली होती. शेजारच्या मण्याची चीर उभी, पार टोकापर्यंत. चिरेच्या कडा किंचित बाहेर वळलेल्या, आतला गर ओला चकचकीत, आणि त्यावर चिलटं बसायला लागलेली. दोन दिवसांत त्या घडाला आंबूस वास सुटणार हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. "एप्रिलात टँकरने पाणी घालून जगवली ही बाग," दादा म्हणाला, "आणि आता हे."

ज्या पाण्यासाठी जिवाचं रान केलं त्याच पाण्याने घात करावा, यात नशिबाचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त. तयार द्राक्षात साखर असते अठरा-वीस ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात अठरा-वीस ग्रॅम. पाऊस म्हणजे जवळजवळ शुद्ध पाणी. मध्ये एक पातळ साल. पाण्याचा स्वभाव असा, की जिथे विरघळलेलं काही जास्त आहे तिकडे ते ओढलं जातं, आणि मधला पडदा पाण्याला वाट देणारा पण साखरेला अडवणारा असेल तर ही ओढ एकतर्फी होते. हिशेब मांडला तर अशा रसाची शुद्ध पाण्याला असलेली ओढ पंचवीस वातावरणांच्या दाबाएवढी भरते. प्रत्यक्षात तेवढा दाब मण्यात साठत नाही, साल आणि त्यावरचं मेण बराच काळ दाद देत नाही. पण रात्रभर घड भिजत राहिला, सकाळी ऊन पडलं नाही, की पाणी सालीतून हळूहळू आत शिरतं. आतल्या पेशी फुगतात, काही फुटतात, आणि शेवटी साल हार मानते.

मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. पाण्याचा धडा आला की पुस्तकात पहिल्याच पानावर टक्केवारी असायची. माणसात साठ टक्के, तान्ह्या बाळात पंचाहत्तर, काकडीत पंच्याण्णव. मुलं ती पाठ करायची, परीक्षेत लिहायची, एक गुण पदरात पाडून घ्यायची. मला त्या तक्त्याचा मनापासून कंटाळा. टक्केवारीने काय कळतं? नुकत्याच मेलेल्या माशातही जिवंत माशाइतकंच पाणी असतं. तडकलेल्या मण्यात न तडकलेल्या मण्यापेक्षा पाणी कमी नव्हतं, उलट कणभर जास्तच होतं. पाणी किती आहे हा प्रश्नच दुय्यम आहे. ते कोणत्या बाजूला आहे, आणि त्याला त्या बाजूला कोण धरून ठेवतंय, यावर सगळं अवलंबून असतं.

हे डोळ्यांनी दिसावं म्हणून मी प्रॅक्टिकलला लाल कांदा घ्यायचे. लासलगाव हाकेच्या अंतरावर, कांद्याला काय तोटा! पाकळीच्या बाहेरच्या अंगाचा जांभळा पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवर थेंबभर पाण्यात पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. लांबट पेशींच्या रांगा दिसतात, प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळ्या रंगाने भरलेली. मग काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेने टिपकागद लावून तो आत ओढून घ्यायचा. मिनिटभर काही होत नाही. मग एका कोपऱ्यातल्या पेशीत रंग भिंतीपासून सुटतो. आधी कोपरे गोल होतात, मग रंग आक्रसत मधोमध गोळा होतो, पहिल्यापेक्षा गडद. भिंत जागेवरच राहते, तिच्या आत रिकामी जागा पडते. एक, दोन, आणि बघता बघता अख्खी रांग. कुणीतरी हमखास विचारायचं, "मॅडम, मेली का?"

उत्तर सांगण्यापेक्षा करून दाखवावं. मिठाचं पाणी टिपून घेऊन साधं पाणी सोडलं, की गोळा पुन्हा पसरतो, रंग फिकट होत भिंतीला जाऊन टेकतो. पसरला म्हणजे पेशी जिवंत होती. कधी कधी पोरं गप्पांत रमायची आणि पापुद्रा मिठात फार वेळ पडून राहायचा. मग साधं पाणी कितीही घाला, गोळा फुगायचा नाही, जांभळा रंग मात्र झिरपून काचपट्टीवर यायचा. तिथे पडदाच फाटलेला असे. आत-बाहेर उरलंच नाही, तर जिवंत तरी कोण उरणार.

हा पडदा तयार कसा होतो, ही मला सगळ्या जीवशास्त्रातली सुंदर गोष्ट वाटते, आणि शिकवताना ती नेहमी घाईत उरकावी लागायची. इथे ऐसपैस सांगते. पाण्याचा रेणू सरळ नसतो, वाकडा असतो. ऑक्सिजनच्या अंगाला थोडा ऋण भार, दोन हायड्रोजनांच्या अंगाला थोडा धन. म्हणून प्रत्येक रेणू शेजाऱ्यांचे हात धरू पाहतो. धरलेला हात सेकंदाच्या लाखकोटीव्या भागाच्या हिशेबात सुटतो आणि लगेच दुसरा धरला जातो. या धरपकडीत ज्याला भार नाही अशा तेलकट रेणूला जागा नसते. पाणी त्याला मुद्दाम हाकलत नाही, आपसातली पकड सोडायला ते राजी नसतं इतकंच. त्यामुळे तेलकट भाग एकमेकांच्या आडोशाला जमतात. पेशीच्या पडद्यातल्या मेदरेणूचं एक टोक पाण्याला मानवतं आणि शेपटी तेलकट असते. असे असंख्य रेणू पाण्यात पडले, की शेपट्या आत आणि डोकी बाहेर असा दुहेरी थर आपोआप धरतो. जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी. तो रचायला गवंडी लागत नाही. पाण्याला अडवणारी भिंत पाण्यानेच घातलेली असते. प्रथिनांच्या लांब साखळ्यांच्या नेमक्या घड्या पडतात, त्यामागेही मुख्यतः हीच खटपट असते. साखळीचे तेलकट तुकडे पाण्यापासून तोंड लपवून आत वळतात आणि त्यातून एन्झाइमला त्याचा आकार मिळतो.

पण मग पाणी या भिंतीतून ये-जा कशी करतं? थोडंफार झिरपतं, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. मात्र लाल रक्तपेशी किंवा मूत्रपिंडातल्या नळ्या ज्या वेगाने पाणी पार करतात, तो वेग नुसत्या झिरपण्याने जमत नव्हता. १९९२ मध्ये अमेरिकेत पीटर अ‍ॅग्रे यांच्या प्रयोगशाळेने त्याचा छडा लावला. शोधत होते ते रक्तगटाशी संबंधित प्रथिन, हाती लागलं भलतंच, आणि ते कशासाठी आहे हे कुणाला उमगेना. शेवटी त्यांनी त्या प्रथिनाचा आराखडा बेडकाच्या अंड्यात सोडला आणि अंडी क्षार कमी असलेल्या पाण्यात ठेवली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. ज्यांच्यात ते प्रथिन तयार झालं होतं, ती फुगून फुटली. निफाडच्या द्राक्षबागेत उभं राहून हा प्रयोग आठवला, की वाटतं, दादाला हे सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय?

त्या प्रथिनाला नाव मिळालं अ‍ॅक्वापोरिन, आणि अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल. ही नळी इतकी अरुंद, की पाण्याचे रेणू एकामागोमाग एकेकटेच जातात, तरी एका नळीतून सेकंदाला अब्जावधी रेणू पार होतात. विशेष म्हणजे हायड्रोजनचा सुटा आयन तिथून जाऊ शकत नाही. तो गेला असता तर पेशीची ऊर्जेची सगळी व्यवस्थाच कोसळली असती. वाट मोकळी आहे, पण ज्याला सोडायचं त्यालाच.

आता पुन्हा वेलीकडे. छाटणी झाली आणि जमिनीत ओल असली, की कापलेल्या काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब येतो, टपकतो, दुसरा येतो. पान एकही नाही, वरून ओढणारं कुणी नाही, तरी पाणी चढतंय. मुळं माती-पाण्यातले क्षार आत ओढून घेतात, त्यामागे पाणी येतं आणि खालून दाब तयार होतो. हा दाब पहिल्यांदा मोजला गेला तो द्राक्षवेलीवरच. लंडनजवळच्या टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी कापलेल्या वेलीच्या बुंध्याला काचेच्या नळ्या जोडल्या आणि रस किती चढतो ते पाहत बसले. तो वीस फुटांहून वर चढला. १७२७ साली त्यांनी हे छापलं.

तरीही मुळांच्या या दाबाने मोठं झाड भागत नाही. पानं फुटली, ऊन तापलं, की कारभार वरून चालतो. पानांच्या छिद्रांतून पाणी उडतं, उडणारा रेणू मागच्याला ओढतो, मागचा त्याच्या मागच्याला, थेट मुळापर्यंत. शंभर मीटरहून उंच रेडवूड वृक्षात पाण्याचे धागे असे ताणून धरलेले असतात. पाण्याचा धागा ओढला तर तुटत नाही, ही कल्पना डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडली तेव्हा पुष्कळांना ती पटली नव्हती. आपल्या जगदीशचंद्र बोसांनाही पटली नाही. त्यांचं म्हणणं, खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावून रस वर ढकलतात. बोसांबद्दल कितीही आदर असला तरी या बाबतीत निकाल डब्लिनकरांच्या बाजूने लागला. पाणी वाहून नेणाऱ्या त्या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात, आणि मेलेल्या असतात म्हणूनच त्या मोकळ्या असतात.

या सगळ्या चढाईतून झाडाला काय मिळतं? मुळांनी ओढलेल्या शंभर भागांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग पाणी पानांतून हवेत निघून जातं. ठिबकवर एकेक लिटर मोजून देणाऱ्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल. पण कार्बन डायऑक्साइड आत यायचा तर छिद्र उघडावं लागतं, आणि छिद्र उघडलं की आतलं ओलं अंग कोरड्या हवेपुढे उघडं पडतं. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे काहीशे रेणू गमवावे लागतात. याला पर्याय निवडुंगाने काढला. छिद्रं रात्री उघडायची, दिवसा बंद. आता येवल्या-सिन्नरकडे ड्रॅगन फ्रूटचे खांब दिसतात, तो त्याच कुळातला. बाकीचे दोन-तीन टक्के पाणी मात्र फुकट जात नाही. त्यातलं काही पान चक्क फोडतं. हायड्रोजन साखरेसाठी ठेवतं आणि ऑक्सिजन सोडून देतं. झाडाने सोडलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो असं पूर्वी सरसकट मानत. १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजनची खूण केलेलं पाणी शैवालाला देऊन दाखवलं, की तो पाण्यातून येतो. गंगापूर धरणाच्या भिंतीवर सकाळी फिरायला येणारी मंडळी छाती भरून जी हवा घेतात, तिच्यातला ऑक्सिजन कधीकाळी कुठल्यातरी हिरव्या पेशीत फुटलेलं पाणी आहे.

घडात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरायला लागेपर्यंत, मण्याला पाणी येतं ते मुळाकडून चढणाऱ्या नळ्यांतून. पुढे तो रस्ता मंदावतो आणि पाणी पानांकडून येणाऱ्या साखरेच्या वाटेने येऊ लागतं. मणी एक नळ हळूहळू बंद करतो आणि दुसऱ्यावर राहतो. त्याच सुमाराला साल ताणलेली, साखर चढलेली. अवकाळी पाऊस नेमका तेव्हाच यावा लागतो का, असं दादा दरवेळी विचारतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पाणी बाजू बदलतं तेव्हा काय होतं, हे द्राक्षापेक्षा भयंकर रूपात माणसाने पाहिलं ते पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात. पटकीचे जंतू आतड्यात विष सोडतात, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांच्या आतड्यांवर सिद्ध केलं. ते विष आतड्याच्या पेशींचा एक दरवाजा उघडा अडकवून ठेवतं. क्षार आतड्याच्या पोकळीत वाहू लागतात, त्यांच्यामागे पाणी. रोगी तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. गंमत पाहा, ते पाणी अजून त्याच्या शरीराच्या आतच असतं, पोटात असतं. वजन केलं तर लगेच उतरलेलं दिसणार नाही. पण रक्तातून ते गेलेलं असतं, डोळे खोल गेलेले असतात, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते.

नुसतं पाणी पाजून हे भरून निघत नाही, आतडं ते घेत नाही. नुसतं मीठ घालूनही नाही. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं, की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात. पटकीच्या विषाने बाहेरचा दरवाजा उघडा पाडला, तरी या जोडीचा दरवाजा शाबूत राहतो. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले, की पाणी त्यांच्या मागोमाग. एवढ्या एका गोष्टीवर ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-ग्लुकोजची, पुडी उभी आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत भरलं आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. तीस टक्क्यांपर्यंत गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. उशीर झाला यावर मी काही बोलत नाही, बोलायला लागले तर लेख तिकडेच जाईल.

आमच्याकडे लहानपणी जुलाब झालेल्या पोराला पाणी तोडायची पद्धत होती. आत घालशील ते बाहेर पडेल, असं आजीचं म्हणणं. ते अगदीच बिनबुडाचं नव्हतं, साधं पाणी खरंच टिकत नसे. मीठ-साखरेचं पाणी टिकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे छोटे, चहाचे. मीठ जास्त झालं तर पाणी उलट आतड्यातच ओढलं जाईल, म्हणून मोजून.

मूत्रपिंडांबद्दल थोडक्यात. ती दिवसाला सुमारे एकशे ऐंशी लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. किती परत घ्यायचं, हे मेंदूतून सुटणारं एक संप्रेरक ठरवतं. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण शंभरात एक-दोन भागांनी वाढलं, तरी ते सुटतं आणि तहान लागते. संप्रेरक आलं, की मूत्रपिंडाच्या पेशी आत राखून ठेवलेली अ‍ॅक्वापोरिनं पडद्यावर आणून बसवतात. दारू या संप्रेरकाला दाबते. गंगापूरच्या बाजूला वाइन चाखायला जाणारी मुंबईची पाहुणेमंडळी दर अर्ध्या तासाला उठून का जातात, आणि दुसऱ्या दिवशी घसा का कोरडा पडतो, याचं कारण द्राक्षात नसून इथे आहे.

तीच मुंबईची मंडळी एप्रिलात म्हणतात, तुमच्याकडे चाळीस अंश असूनही बरं वाटतं, आमच्याकडे चौतीसला जीव जातो. बरोबर आहे. घाम येण्याने थंडावा येत नाही, तो उडून जाण्याने येतो. लिटरभर घाम उडाला तर तो अंगातून साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे अठ्ठावन्न लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला लागेल एवढी. आपलं कातडं ओट्यावरच्या माठासारखंच काम करतं, आणि माठ मुंबईत गार होत नाही हे कुणीही मुंबईकर सांगेल. मात्र नाशिकच्या कोरड्या हवेत एक फसगत आहे. घाम दिसतच नाही. अंगावर येतो न येतो तोच उडालेला असतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही, पाणी कशाला प्यायचं?

नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात पक्षी बघायला जाणाऱ्यांनी, २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं तेव्हापासून गर्दीही असते, दुर्बीण जरा पाण्याखालच्या जगाचा विचार करत रोखावी. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त. पाणी त्याच्या कल्ल्यांतून सतत आत घुसत असतं, म्हणून तो पाणी जवळपास पीत नाही आणि पातळ लघवी करत राहतो. समुद्रातल्या माशाचं नेमकं उलट, पाण्यात राहून तो तहानलेला. आणि वर उडणारी बदकं पाणी वाचवतात ते पातळ लघवी न करून. नको असलेला नायट्रोजन ती यूरिक अ‍ॅसिडच्या रूपात टाकतात, पाटीवर पडलेल्या त्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. लांब पल्ल्याच्या उड्डाणात पक्षी चरबी जाळतात, आणि ग्रॅमभर चरबी जळली तर ग्रॅमहून थोडं जास्त पाणी तयार होतं. तेही पुरेना झालं तर ते स्नायूंमधलं प्रथिन मोडतात. प्रथिनाच्या आजूबाजूला धरून ठेवलेलं पाणी त्यामुळे मोकळं होतं. अंग मोडून पाणी प्यायचं.

बेदाण्याचं गणित या सगळ्याच्या उलट आहे. तिथे पाणी घालवायचं असतं. पण सालीवरचं मेण, ज्याने पावसात मणी वाचवायचा प्रयत्न केला, तेच आता आडवं येतं. म्हणून द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात. मेणाचा थर विस्कटतो आणि रॅकवर सावलीत ती भरभर सुकतात. चार किलोंचा किलोभर बेदाणा. त्यात शंभरात पंधराएक भाग पाणी उरतंच, पण ते साखरेने असं बांधून ठेवलेलं असतं, की बुरशीला त्यातला थेंब मिळत नाही. लोणच्यात मीठ हेच करतं, मोरांब्यात साखर हेच करते. बरणीत पाणी भरपूर, पण जंतूला पिण्यापुरतं नाही.

आणि मग बी. मटकीच्या कोरड्या दाण्यात शंभरात दहा-बारा भाग पाणी असतं. अशा अवस्थेत बहुतेक प्राणी केव्हाच मेले असते. दाणा डब्यात वर्षभर पडून राहतो, भिजवला की रात्रीत फुगतो आणि दुसऱ्या दिवशी फडक्यातून पांढरं मूळ बाहेर येतं. मिसळीवर जान देणाऱ्या नाशिककराने या घटनेकडे एकदा नीट पाहायला हरकत नाही. दाणा जिवंत आहे की नाही याची पर्वा न करता पहिलं पाणी आत शिरतं, मेलेला दाणाही तसाच फुगतो. फरक नंतर पडतो. जिवंत दाण्यात सुकताना विस्कटलेले पडदे पुन्हा जुळतात, आत-बाहेर ठरतं, आणि मग कामाला सुरुवात. नागलीसारख्या, म्हणजे नाचणीसारख्या, धान्यात अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. त्याच्या सांगण्यावरून दाण्यातला पिठूळ साठा साखरेत मोडला जातो. नागलीला मोड आणून केलेलं सत्त्व पचायला हलकं आणि जरा गोड लागतं, ते त्यामुळे. द्राक्षाचे मणी लांबावेत म्हणून घड ज्या 'जीए'त बुडवतात, ते हेच जिबरेलिन. दादाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खरा चकित झाला. नागलीतलं औषध आणि दुकानातलं औषध एकच, आणि दुकानातल्याचे एवढे पैसे?

बीला जमतं ते तिच्याच झाडाच्या पानाला जमत नाही. बहुतेक पिकांचं पान सुकलं की संपलं. पण ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या वाटेवर उन्हाळ्यात कातळावर बघावं. तिथे काही वनस्पती जमिनीखाली कंदात पाणी साठवून लपून बसतात. अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका, ती या कंदवाल्यांतली. काही मात्र लपत नाहीत, साठवतही नाहीत. ट्रायपोगॉनसारखी बुटकी गवतं, काही नेचे, सिलॅजिनेला, ही चक्क सुकतात, हातात धरली तर चुरा होईल अशी. पेशीत साखर दाटत जाते आणि आतला द्रव काचेसारखा घट्ट होतो. पाण्याच्या जागी साखर पडद्यांना आणि प्रथिनांना धरून ठेवते, त्यांचे आकार मोडू देत नाही. पहिल्या पावसात काही तासांत-दिवसांत तीच पानं हिरवी होतात. नवी फुटत नाहीत, तीच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा वनस्पतींची यादी केली. आधी नऊ माहीत होत्या, यादी बासष्टवर गेली. सुकून जगण्याची ही युक्ती पिकांच्या पानात आणता येईल का, यावर जगभर काम चाललं आहे.

गावालगतच्या अशा कातळापुढे सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, असा शेरा लागतो, आणि उन्हाळ्यात त्यावरून ट्रॅक्टर फिरला, मुरूम खरवडला, तंबू ठोकले, तरी कुणी हरकत घेत नाही, कारण मे महिन्यात तिथे जे आहे ते सगळं आधीच मेलेलं दिसतं.